उठाबशा : व्यायाम की शिक्षा?

परवाची गोष्ट. तिसरीत शिकणारा माझा धाकटा भाऊ शाळेतून आला तो दप्तर टाकून कोपऱ्यात जाऊन बसला. त्या दिवशी शाळेत मुलांची वजने घेतली होती. आकडे मोठ्याने वाचले गेले आणि सगळा वर्ग हसला. याचे नाव पडले 'भोपळा', शेजारच्या मुलाचे 'काडी'. दुसऱ्या दिवशी पी. टी.च्या तासाच्या धास्तीने सकाळीच याचे पोट दुखू लागले. आईने ओवा दिला. दुखणे पोटात नव्हते, हे मला ठाऊक होते.

माझे वडील हमाली करतात. दिवसभर पाठीवर पन्नास किलोची पोती वाहणाऱ्या माणसाच्या घरात 'व्यायाम' हा शब्द कशाला असेल? मुलांनी बसून अभ्यास करावा एवढीच त्यांची इच्छा. मूल अंगाने भरले की त्यांना समाधान वाटते. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांनी उपास काढले त्यांना गुबगुबीत मूल म्हणजे बरकतच वाटणार.

पण २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० पैकी ३६ मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. त्याच वेळी, २०१५-१६ च्या पाहणीत सुमारे २ टक्के असलेली जादा वजनाची मुले ४ टक्क्यांवर गेली आहेत. म्हणजे 'काडी' आणि 'भोपळा' यापुढे एकाच बाकावर बसणार!

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. पण ते स्वतःही नेमाने नमस्कार घालीत. आज मात्र परीक्षा जवळ आली की पी. टी.चा तास गणिताला जातो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. मैदान असूनही मुले वर्गातच बसणार असतील तर त्याचा उपयोग काय?

कोणी विचारील, शाळेतल्या व्यायामाने वजन उतरते का? फारसे नाही, असेच अनेक अभ्यासांत दिसले आहे. वजन ताटावर, झोपेवर आणि घरच्या परिस्थितीवरही ठरते. पण खेळाने दम वाढतो, हाडे बळकट होतात, मन हलके होते. हा लाभ काडीलाही हवा आणि भोपळ्यालाही. मात्र काडीला पळवण्याआधी तिच्या पोटात अन्न हवे. म्हणून पोषण आहार आणि पी. टी. यांचा विचार एकत्रच व्हावा. आणि वजनकाटा पी. टी.चा परीक्षक कधीच होऊ नये.

मित्रहो, तालमीत उठाबशा हा व्यायाम असतो. शाळेत ती शिक्षा असते. जे आपण गुन्ह्याबद्दल करायला लावतो, ते मूल आनंदाने का करील?

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने दर शनिवारी तासभर जवळच्या प्राथमिक शाळेत लंगडी, लगोरी, खो-खो घ्यावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. त्याला खर्च नाही. अट एकच : कोणाचे वजन मोठ्याने वाचायचे नाही आणि कोणाला शिक्षा म्हणून पळवायचे नाही. पहिल्या शनिवारी मी माझ्या भावाला घेऊन येईन.