ड्रीम कॉलेज हुकलं, मग टॉनिक कशाला?

नीटचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या याद्या यायला लागल्या की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, हिचं डोकं दुखतं, जेवत नाही, रात्रभर जागी असते. एखादं चांगलं टॉनिक द्या. आणि जरा समजावा, पुढच्या वर्षी जोर लावायचाय." मुलगी खाली मान घालून बसलेली. मुंबई-पुण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज थोडक्या गुणांनी हुकलेलं असतं.

पालकहो, स्पष्टच बोलतो. बहुतेक वेळा या मुलीला आजार झालेला नसतो, तिला दुःख झालेलं असतं. दोन वर्षं जे एकच चित्र डोळ्यांपुढे होतं ते पुसलं गेलं की भूक मंदावते, झोप उडते, डोकं आणि पोट दुखतं. ते दुखणं खोटं नसतं, 'नाटकं' तर अजिबात नसतात. पण शरीरात कशाची कमतरता नसेल तर टॉनिकच्या बाटलीने काही होत नाही. आठ-दहा दिवस रडू द्या, झोपू द्या, मैत्रिणीकडे जाऊ द्या. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी 'यातून काय शिकलीस?' असं विचारणं म्हणजे प्लास्टर घालायच्या आधीच पायाला चालायला लावणं. आणि ते 'अपयश ही यशाची पहिली पायरी'वाले फॉरवर्ड कृपा करून तिच्यापर्यंत पोचवू नका.

आता थोडं गणित. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे एक जागा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला वजा एक. एका प्रश्नात पर्याय चुकला की पाच गुणांचा फरक, आणि जिथे गर्दी आहे तिथे पाच गुणांत हजारो मुलं पुढे निघून जातात. एवढ्या चिंचोळ्या दारातून आत न जाणाऱ्या मुलीला घरात 'कमी पडलीस' म्हणायचं? ती कुठल्या मापाने कमी पडली ते तरी सांगा.

दुसरं, कॉलेजच्या नावाचा दबदबा. राज्यातल्या नामांकित सरकारी कॉलेजातली मुलं आणि नांदेड किंवा अकोल्याच्या सरकारी कॉलेजातली मुलं एमबीबीएसला नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचाच पेपर लिहितात. मोठ्या शहरात रुग्ण जास्त प्रकारचे दिसतात हे खरं, ते मी नाकारत नाही. पण तुमचं पोट दुखतं तेव्हा तुम्ही तरी डॉक्टरला कॉलेजचं नाव विचारता का?

माझा खरा राग आहे तो 'रिपीटर बॅच'च्या बाजारावर. फलकावर पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसून हाती काही न लागलेल्यांचा फलक मी अजून पाहिलेला नाही. नीटला वयाची वरची अट राहिलेली नाही आणि प्रयत्नांनाही मर्यादा नाही, त्यामुळे थांबायचं कधी हे कोणीच सांगत नाही. ते घरातच ठरवावं लागतं. पंधरा दिवसांनी, मन शांत झाल्यावर, उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची समोर घ्या. फिजिक्स येतच नव्हतं, की वेळ पुरला नाही, की अंदाजाने गोळे भरले? शेवटच्या चार महिन्यांत सराव परीक्षांचे गुण चढत होते का? चढत असतील तर आणखी एक वर्ष देण्यात अर्थ आहे. मनापासून अभ्यास करूनही ते जागचे हलत नसतील, तर तोच क्लास, तीच खोली आणि तेच वेळापत्रक आणखी वर्षभर देऊन काय बदलणार? आणि एकदा तिला एकटीला गाठून विचारा, हे स्वप्न नक्की कोणाचं होतं? (उत्तर ऐकायची तयारी असेल तरच विचारा.)

एक गोष्ट मात्र अंगावर काढायची नाही. दोन आठवडे उलटूनही उदासी रोजची आहे, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, आंघोळ-जेवणाची शुद्ध नाही, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं बोलणं आहे, आवडीच्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणं सुरू आहे, तर ते नुसतं दुःख नाही. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं कुलुपात ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आजच फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा, निकाल कोणाचाही असो.