थंडीपूर्वी घर आणि गोठा

रब्बीच्या पेरणीसाठी बी, खत व अवजारे यांची तजवीज आधीच करावी लागते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु ज्या घरात तो राहतो आणि ज्या गोठ्यात त्याचे पशुधन उभे असते, त्यांची तजवीज त्याला थंडीचा कडाका पडल्यावरच आठवते. मग हाती येईल ते गोणपाट खिडकीत कोंबले जाते, दार घट्ट लावले जाते आणि आत शेगडी पेटते. हा उपाय थंडीहूनही घातक आहे.

महाराष्ट्रात थंडी ती कितीशी, असे म्हणणाऱ्यांनी निफाडचे उदाहरण ध्यानात घ्यावे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील किमान तापमान २ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले होते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली म्हणजे रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि जड झालेली थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. अशा रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. बागेसाठी जागणाऱ्या शेतकऱ्याने घरातील तान्हे मूल, वृद्ध माणसे आणि गोठ्यातील करडे यांचाही तितकाच विचार करावयास हवा.

या तयारीचे तत्त्व एकच आहे: वारा अंगावर येऊ नये, पण हवा कोंडू नये. दाराखालची फट व भिंतीतील भेगा बुजवाव्यात; परंतु वळचणीखालचा झरोका कधीही बंद करू नये. जुनी जाड मातीची भिंत दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवीत असे. पत्र्याचे छप्पर लवकर गार होते. पत्र्याखाली, चुलीपासून दूर, बांबूच्या तट्ट्या बांधून त्यांना शेणमातीचा लेप दिल्यास बराच फरक पडतो. अंथरुणे दुपारी उन्हात टाकावीत. ज्यांना खाट नाही त्यांनी चटईखाली कोरड्या पेंढ्याचा थर द्यावा, कारण गारवा जमिनीतूनही चढतो.

शेगडीत धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज अत्यंत चुकीचा आहे. धगधगत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वासही नाही. बंद खोलीत डोके दुखू लागते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला मनुष्य उठतच नाही. शेगडी अंगणातच पेटवावी व निजण्यापूर्वी विझवावी. कोणी गुंगीत आढळल्यास त्याला प्रथम उघड्या हवेत आणून विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

गोठ्यासही हाच नियम लागू आहे. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचे पडदे सायंकाळी सोडावेत आणि ऊन चढताच गुंडाळावेत. ओली जमीन जनावरांची ऊब ओढून घेते. म्हणून मुताची नाली मोकळी ठेवून वासरांखाली कोरडे काड पसरावे व ते वरचेवर बदलावे. सकाळी वासराच्या उंचीइतके वाकून श्वास घ्यावा. नाकास झोंबले तर हवा कोंडली आहे, असे समजावे. रात्रभर हौदात गारठलेल्या पाण्यापेक्षा विहिरीचे ताजे पाणी पाजणे बरे.

यास पैसा कोठून आणावा, असा प्रश्न निघेल. गोणपाट, काड, बांबू आणि माती या वस्तू बहुतेक शेतकऱ्यांपाशी असतातच. उणीव असते ती वेळेवर हात लावण्याची. गावपातळीवरील कार्यकर्ता रब्बीच्या बैठकीत बियाण्यांविषयी तासभर बोलतो. त्याच बैठकीत त्याने घराविषयी व गोठ्याविषयी पाव तास बोलणे अगत्याचे आहे. त्यासाठी गृहिणींना आवर्जून बोलवावे, कारण वारा कोणत्या फटीतून येतो हे त्यांना ठाऊक असते. कार्तिक संपण्यापूर्वी हे काम उरकले, तर पौषातील रात्री कोणाच्याही घरी चिंतेच्या ठरणार नाहीत.