राफ्टिंगला गेलेली पोरं किती वेळा नमाज पढली, याचीही नोंद न्यूयॉर्क पोलीस ठेवत होते

एप्रिल २००८. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधली १८ मुस्लिम पोरं राफ्टिंगला गेली. सोबत आणखी एक जण होता. तो पोलिसांचा गुप्त अधिकारी निघाला. त्याने वर पाठवलेल्या रिपोर्टमध्ये काय होतं? तर पोरं दिवसातून किमान चार वेळा नमाज पढली आणि गप्पा बऱ्याचशा धर्माच्याच होत्या.

बस्स. कट नाही, बॉम्ब नाही.

हे बाहेर आलं ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेमुळे. २०११ पासून त्यांनी ही प्रकरणं छापायला सुरुवात केली, २०१२ मध्ये त्यासाठी पुलित्झरही मिळालं. या बातम्यांतून कळलं की पोलिसांची नजर कॉलेजांमधल्या मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनवर, म्हणजे एमएसएवरही होती. येल, रटगर्स अशी शहराबाहेरची विद्यापीठंही त्यातून सुटली नव्हती.

आता ही एमएसए काय भानगड आहे?

१९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात शिकायला आलेल्या परदेशी मुस्लिम विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. शुक्रवारच्या नमाजाला एखादी खोली मिळावी, रमजानमध्ये इफ्तार एकत्र व्हावा, घरापासून लांब आलेल्या पोराला चार ओळखीचे चेहरे दिसावेत, एवढंच काम. आज बहुतेक मोठ्या अमेरिकन कॉलेजांत एमएसए दिसते. पण प्रत्येक कॉलेजची एमएसए आपापला कारभार बघते. वरून आदेश सुटतात आणि खाली पोरं हलतात, असा प्रकार नाही.

मग पोलीस मागे का लागले? कारण ९/११. त्याआधी न्यूयॉर्क पोलिसांवर कोर्टाचं बंधन होतं. १९७१ च्या एका खटल्यातून आलेले नियम सांगायचे की गुन्ह्याचा ठोस संशय असल्याशिवाय राजकीय संघटनांवर पाळत ठेवायची नाही. २००३ मध्ये हे नियम सैल झाले. पोलिसांचं म्हणणं होतं की दहशतवादाच्या गुन्ह्यांत अटक झालेले किंवा दोषी ठरलेले १२ जण कधी ना कधी एमएसएमध्ये होते. महापौर ब्लूमबर्ग यांनीही पोलिसांचीच बाजू घेतली.

१२ हा आकडा किरकोळ म्हणून सोडून द्यावा असा नाहीच. पण त्या बाराजणांचा माग काढणं वेगळं आणि संघटनेत नाव आहे म्हणून इफ्तारला आलेल्या प्रत्येकाची फाइल उघडणं वेगळं. पहिलं पोलिसांचं कामच आहे. दुसऱ्यातून हाती काय लागतं? मुस्लिम वस्त्यांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांच्याच खास पथकाबद्दल एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये शपथेवर सांगितलं की त्या माहितीतून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नव्हता. २०१४ मध्ये ते पथक बंद झालं.

याच्यापुढचा प्रकार जास्त गंभीर आहे. जॉन जे कॉलेजमध्ये (जिथे गुन्हेगारी न्यायशास्त्रच शिकवतात!) मुस्लिम विद्यार्थ्यांत मिसळलेल्या १९ वर्षांच्या एका खबऱ्याने २०१२ मध्ये आपलं काम उघड केलं. त्याला शिकवलेल्या पद्धतीचं नाव होतं ‘क्रिएट अँड कॅप्चर’. म्हणजे जिहादचा विषय आपणच काढायचा आणि समोरचा काय बोलतो ते पोहोचवायचं. याचे त्याला महिन्याला हजार डॉलरपर्यंत मिळायचे.

परिणाम व्हायचा तोच झाला. नवा पोरगा नमाजाला आला की हा खरंच विद्यार्थी आहे का, ही शंका आधी. एका कॉलेजमध्ये तर एमएसएनेच आपल्या खोलीत पाटी लावली की इथे राजकारणावर बोलू नका. ज्या वयात पोरांनी वाद घालायचे, त्या वयात ती गप्प बसायला शिकली.

प्रकरण कोर्टात गेलं. रटगर्सचे विद्यार्थीही त्यात होते. २०१४ मध्ये खालच्या कोर्टाने खटला फेटाळला. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांचं काय झालं होतं याची आठवण करून दिली. २०१८ मध्ये तडजोड झाली, निव्वळ धर्मावरून पाळत ठेवणार नाही असं पोलिसांनी मान्य केलं.

ही लढाई चालू असतानाच ब्रुकलिन कॉलेजमध्ये एक गुप्त महिला अधिकारी वावरत होती. २०११ मध्ये तिने विद्यार्थ्यांसमोर कलमा पढून इस्लाम स्वीकारल्याचं दाखवलं आणि पुढे त्यांच्यातलीच होऊन राहिली. २०१५ मध्ये बॉम्बच्या कटाच्या आरोपाखाली दोन महिलांना अटक झाली, तेव्हा तिचं बिंग फुटलं. त्या दोघींनी पुढे २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. कॉलेजमध्ये जे तिला मैत्रीण समजत होते, त्यांच्यावर मात्र कसलाही आरोप ठेवला गेला नाही.