नंदी, टकळी आणि ६५ मिलिमीटर

तान्ह्या पोळ्याला वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावाच्या रस्त्यांवर पोरांचे लाकडी नंदी निघतात. काही मुठीत मावणारे, काही चाकांवर बसवून दोराने ओढायचे. खऱ्या बैलांचा पोळा आदल्या दिवशी, श्रावण अमावास्येला. याच दिवसांत कपाशी जोर धरते आणि घरातल्या मोठ्यांचे कान हवामान खात्याकडे लागलेले असतात.

खेळणी, गणित आणि आभाळाचे शब्द आम्ही या अंकात मुद्दाम शेजारी बसवले आहेत. वर्धेकरांना हे नवं वाटू नये. १९३७ साली इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून हातच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. टकळीवर सूत काततानाच पोरं मोजणी आणि हिशेब शिकत. तो रस्ता आम्हाला आजही खरा वाटतो.

‘अतिवृष्टी’च घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, की सरकारी कागदावर अतिवृष्टी होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. म्हणजे ६५ मिलिमीटरला एकरभर वावरात अडीच लाख लिटरांहून जास्त! नाल्याकाठचं पीक कसं खरडून जातं, हे आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं. हा गुणाकार मात्र त्यांच्याकडून कुणी करून घेत नाही. उष्णतेची लाट ठरवताना लागणारी ‘सरासरी’ही तीस वर्षांच्या नोंदींची असते, हे किती पुस्तकं सांगतात?

भोवरा फिरताना का पडत नाही, तेही आत आहे. जाळी गुंडाळूनच वाचा.