सोसायटीचे दप्तर कोणाच्या हाती?

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांच्या दारी जमले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या चोपड्या हस्तगत करून त्या जाळणे, हे त्या उठावाचे मुख्य उद्दिष्ट होते. आपल्याच कर्जाचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याला तो वाचता येतो तो आपला धनी होतो, ही गोष्ट त्या निरक्षर कुणब्याला पुरेपूर उमगली होती. पुढे याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, गावोगाव सोसायट्या निघाल्या आणि चोपडी सावकाराच्या माजघरातून सोसायटीच्या कपाटात आली. आता ती कपाटातून संगणकात गेली आहे. तिची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न आपल्या चळवळीत अद्याप गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

राहुरीसारख्या तालुक्यात हा प्रश्न मुळीच पुस्तकी नाही. ऊस, दूध आणि पतपुरवठा या तिन्हींचे व्यवहार येथे प्रामुख्याने सहकारी संस्थांतून वाढले. कारखान्याचा चिटबॉय बांधावर उसाची नोंद घेतो तेथपासून तोडणीचा क्रम, वजनकाट्यावरचा आकडा आणि शेवटी शेतकऱ्याचे बिल इथपर्यंतची सारी साखळी आज नोंदींच्या एका साठ्यावर, म्हणजे डेटाबेसवर, उभी आहे. महाराष्ट्रातील अनेक सहकारी संस्थांनी हे काम आरंभी फॉक्सप्रो या साधनावर केले. संस्थेतलाच एखादा हुशार कारकून ते शिकला, त्याने टेबलावरच्या संगणकावर आपल्या गरजेपुरती व्यवस्था रचली आणि ती वर्षानुवर्षे चालली. परंतु हे साधन ज्या कंपनीचे होते ती कंपनीच १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, २००७ साली यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले, आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. या निर्णयात आमच्या कारकुनाला विचारण्याचे कोणास कारण नव्हते. खाजगी मालकीच्या साधनावर सामूहिक दप्तर उभारले की असेच होते.

त्यानंतर संस्थांनी काय केले? बहुतेकांनी तयार सॉफ्टवेअर विकत घेतले आणि त्याबरोबर वार्षिक देखभालीचा करारही पत्करला. एका लहान पतसंस्थेत संचालकांना थकबाकीची गाववार यादी हवी होती. नोंदी सगळ्या संगणकात होत्या. परंतु त्या यंत्राला हा नवा प्रश्न विचारता येईल असा एकही माणूस संस्थेत नव्हता. विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहण्यात पंधरा दिवस गेले आणि यादीचे निराळे पैसे मोजावे लागले, हे मी स्वतः पाहिले आहे. याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात, आणि तो जमिनीवरच आकारला जातो असे नाही.

यावर उपाय महागडा असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. तो जवळजवळ विनामूल्य आहे. जुन्या फॉक्सप्रोच्या नोंदी ज्या धारिकांत असत, त्या लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमधील बेस या साधनाने आजही उघडून पाहता येतात. एसक्यूलाइट नावाचे दुसरे साधन २००० सालापासून उपलब्ध आहे; ते कोणाच्याही मालकीचे नाही, संपूर्ण डेटाबेस एकाच धारिकेत मावतो आणि आपल्या खिशातल्या फोनमध्येही तेच काम करीत असते. त्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा मनोदय जाहीर केला आहे. याउलट मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस पाहा. त्यावर बांधलेले काम नुसते चालविण्याची सोय कंपनी फुकट देते, त्याची रचना बदलण्याची मात्र देत नाही. म्हणजे पाणी फुकट, पाटाची दारे मालकाच्या हाती! फुकट आणि मुक्त यांतील हा भेद कार्यकर्त्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ज्या चळवळीची घोषणा केली, तिचा सारा भर किमतीवर नसून साधन उघडून पाहण्याच्या, बदलण्याच्या आणि दुसऱ्याला देण्याच्या हक्कावर होता.

साधनाइतकीच मदतही मुक्त आहे. अडलेल्या माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकावरचा कोणी अनोळखी जाणकार एक पैसाही न घेता उत्तर लिहून देतो, आणि ते उत्तर पुढच्या हजारोंना उपयोगी पडते. केवळ स्वार्थाने माणूस हलतो असे शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकांना याचा उलगडा होत नाही. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामुदायिक पाणी, जंगले आणि चराऊ राने यांचा अभ्यास करून लोक असे समाईक धन कसे राखतात हे दाखविले, आणि पुढे ज्ञानाकडेही त्याच दृष्टीने पाहिले. आपल्याकडे पांझरा नदीवरची फड पद्धत याच जातीची. पण फडाचे पाणी घेणाऱ्याला बंधाऱ्यातला गाळ काढायलाही जावे लागे. आपण या ज्ञानाच्या पाटाचे पाणी क्वचित घेतो, आणि गाळ काढण्यास तर मुळीच जात नाही.

याचे मोठे कारण भाषा. बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीत आहे. अपवाद मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा: लिबरऑफिस बेसचे छोटे छोटे पाठ तेथे विनामूल्य मिळतात आणि मराठीतूनही ऐकता येतात. गटसचिवाने वा संस्थेच्या लेखनिकाने आरंभ तेथून करावा. पुढे अडचण आली तर संगणकाने दाखविलेला दोषसंदेश जसाच्या तसा, आपली आवृत्ती कोणती हे सांगून शोधावा. उत्तर किती जुने आहे हे पाहावे. आणि मूळ दप्तराची प्रत बाजूला काढल्याखेरीज कोणताही प्रयोग करू नये. आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मदत मागताना सभासदांची खरी नावे, खातेक्रमांक किंवा आधार क्रमांक कोठेही टाकू नयेत. चार काल्पनिक नावांचा नमुना पुरतो. गरीब कर्जदाराची थकबाकी जगजाहीर करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

सरकार हे काम करीतच आहे, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. केंद्राने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे खरे. हिशेब एका पद्धतीचे झाले तर लबाडीला आळा बसेल, हेही मान्य. परंतु समान सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भरणे निराळे आणि आपल्या गावच्या नोंदींना आपला प्रश्न विचारता येणे निराळे. वारणेचा अनुभव बोलका आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत मोठा गाजावाजा करून संगणक बसविण्यात आले. पुढे २००७ च्या सुमारास संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा त्यांचा उपयोग मुख्यतः कारखान्याशी उसाची माहिती देण्याघेण्यापुरता होत असल्याचे आढळले, आणि तेवढे काम मोबाइलच्या संदेशांवरही भागते हे प्रयोगाने सिद्ध झाले. यंत्र आले, विद्या आली नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. नोंद कागदावर होती तोवर वही पुढे ओढली की तो हक्क बजावता येई. आता तो बजावण्यासाठी संस्थेत जाणता माणूस लागतो, आणि दप्तर संस्थेच्या ताब्यात असावे लागते. म्हणून आपल्या साथींनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न लेखी द्यावेत: विक्रेत्याशी झालेला करार संपला तर आमच्या सर्व नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय, तशी अट करारात लिहिलेली आहे काय, आणि संस्थेतील किती जणांना स्वतः यादी काढता येते? राहुरीत १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, संगणक शिकून घरी बसलेली मुलेमुली तर प्रत्येक गावात आहेत. यांतील दहापाच जणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या वाचनालयात बसून सोसायट्यांच्या अडचणी सोडवाव्यात आणि सापडलेली उत्तरे मराठीत लिहून सर्वांसाठी खुली ठेवावीत. खर्च म्हणाल तर इंटरनेटच्या जोडणीचा आणि चहाचा.