मुहम्मद अली : श्रेष्ठत्वाचा हिशेब आणि भक्तीचा धोका

आपल्या तरुणांत अलीचं नाव निघालं की वाद संपतो. सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण? अली. का? कारण त्याने व्हिएतनाम युद्धाला नकार दिला, धर्म बदलला, गुलामीचं म्हणून जुनं नाव टाकलं. दुसरीकडे बॉक्सिंगचे काही जुने जाणकार म्हणतात, अली म्हणजे नुसता दिखावा: हात खाली सोडणं, रिंगभर नाचणं, तोंडाची टकळी. आम्हाला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पहिल्यात बॉक्सिंगच नाही आणि दुसऱ्यात माणूसच नाही.

आधी बॉक्सिंग पाहू. 14 नोव्हेंबर 1966 रोजी ह्यूस्टनमध्ये अलीने क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं. ती लढत आजही पाहता येते, जरूर पाहा. सव्वासहा फुटांच्या जवळपास उंची, वजन दोनशे पौंडांच्या वर, आणि पाय हलक्या वजनाच्या बॉक्सरचे. हात कमरेशी असल्याने त्याचा डावा जॅब खालून, नजरेच्या टप्प्याबाहेरून येई. ठोसा आला की तो इंचभर मागे झुके आणि ठोसा हवेत जाई. पुस्तकानुसार ही चूक होती. पण ती निभावून नेणारा वेग त्याच्याकडे होता. म्हणजे ज्याला दिखावा म्हटलं, तेच त्याचं तंत्र होतं.

उणिवाही होत्या. तो प्रतिस्पर्ध्याच्या पोटा-बरगड्यांवर फारसा मारत नसे. अगदी जवळ भिडून लढण्यात तो कच्चा होता, तिथे तो समोरच्याची मान धरून वेळ काढी. फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनी ही फट शोधली. शुगर रे रॉबिन्सनमध्ये अशी फट शोधावी लागते. वेल्टरवेटचा विजेता, मिडलवेटचा पाच वेळा विजेता, दोन्ही हातांत नॉकआउटची ताकद, आणि वेगही तोच. अली स्वतः रॉबिन्सनला आदर्श मानत असे. म्हणून सगळे वजनगट धरले तर आम्ही रॉबिन्सनला वर ठेवतो. हे लिहिताना आम्हाला काही गमावल्यासारखं वाटत नाही.

हेवीवेटमध्ये मात्र अली पहिला, असं आमचं मत आहे. जो लुईसने 1937 ते 1949 विजेतेपद राखलं, 25 वेळा. रॉकी मार्सियानो 49 लढतींत अपराजित राहिला. आकडे मोठे आहेत. पण अलीने कोणाला हरवलं ते पाहा: लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन. आणि केव्हा हरवलं तेही पाहा. 28 एप्रिल 1967 रोजी त्याने लष्करात भरती व्हायला नकार दिला. विजेतेपद काढून घेतलं, परवाना गेला, पासपोर्ट गेला, पाच वर्षांची कैद आणि 10 हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपिलामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला आणि जून 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची, साडेतीन वर्षं गेली ती गेलीच. ऑक्टोबर 1970 मध्ये परतलेल्या अलीचे पाय पूर्वीचे नव्हते. तरीही 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासात त्याने फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं, ते दोरांना टेकून, मार सोसून, डोकं वापरून. नुसता दिखावा असता तर वेगाबरोबर तोही संपला असता.

आता 'दिखाऊ' या शब्दाकडे. 1908 मध्ये जॅक जॉन्सन पहिला काळा हेवीवेट विजेता झाला. तो हसत लढायचा, ऐटीत राहायचा. 1910 मध्ये त्याने गोऱ्या जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत अनेक ठिकाणी काळ्यांवर हल्ले झाले. पुढे त्याला खटल्यात अडकवलं गेलं. म्हणून जो लुईसच्या व्यवस्थापकांनी त्याला वागण्याचे नियमच घालून दिले: जिंकल्यावर मिरवायचं नाही, गोऱ्या स्त्रीसोबत फोटो काढायचा नाही. लुईसने ते पाळले, लष्करात गेला, दोन लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधीला दिली. बदल्यात करखात्याने त्याला वर्षानुवर्षं पिळलं. नम्र राहूनही सुटका नाही, हे अलीने बघितलं होतं. खालच्याने खाली मान घालून जिंकावं, ही अपेक्षा आपल्याला नवी नाही. धर्मांतरानंतरही जुन्याच नावाने हाक मारण्याचा हट्टही नवा नाही. अलीला 'क्ले' म्हणत राहणारी वर्तमानपत्रं आणि बौद्धाला मुद्दाम जुन्या जातीच्या नावाने हाक मारणारा शेजारी, दोघांचं दुखणं एकच.

पण इथेच थांबलो तर आम्हीही भक्तच. जो फ्रेझर दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतमजूर घरातला. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबलेला. अलीला परवाना परत मिळावा म्हणून तो त्याच्या बाजूने बोलला होता. त्याच फ्रेझरला अलीने जाहीरपणे गोऱ्यांचा गुलाम ठरवलं, 'गोरिला' म्हटलं. गोऱ्यांनी शतकभर वापरलेली शिवी एका काळ्याने दुसऱ्या काळ्याला दिली, आणि तीही तिकिटं खपवायला. अलीने फार उशिरा माफी मागितली. फ्रेझरच्या मनातला सल वर्षानुवर्षं गेला नाही. आपल्यात मतभेद झाला की समोरच्याला 'दलाल' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा.

दुसरी गोष्ट अलीच्या चाहत्यांची. 1975 ला मनिलात फ्रेझरविरुद्ध चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा दोघेही जवळपास संपले होते. तिथे थांबायला हवं होतं. 1977 मध्ये त्याचा डॉक्टर निवृत्तीचा सल्ला देऊन निघून गेला. टाळ्या वाजवणारे राहिले. 1980 मध्ये 38 वर्षांच्या अलीला लॅरी होम्सने दहा फेऱ्या मारलं, 1981 मध्ये तो बर्बिकशीही हरला. 1984 मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. दुखण्याचं नेमकं कारण डॉक्टर सांगतील. पण त्या शेवटच्या लढती कोणाच्या हट्टासाठी झाल्या, हा प्रश्न आपणही विचारू शकतो.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. भक्ती नेत्याचं नुकसान करते आणि भक्ताचंही. अलीला आम्ही हेवीवेटमधला पहिला मानतो, रॉबिन्सनखाली ठेवतो आणि फ्रेझरपुढे दोषी धरतो. ज्याला हा क्रम पटत नसेल त्याने लढती पाहाव्यात, मुद्दे आणावेत, वाद घालावा. आम्ही चुकलो असू तर क्रम बदलू. फक्त पोस्टर दाखवून आमचं तोंड बंद करू नये.

जय भीम!