जुन्या प्यूटरवरचा ठसा कसा वाचाल?

जुन्या वस्तूंच्या बाजारात करड्या रंगाचा एखादा मग दिसतो. त्यावर मुकुट, गुलाब आणि साल. विक्रेता सालाकडे बोट दाखवतो आणि भाव सांगतो. पैसे काढण्याआधी थोडं थांबा.

प्यूटर हा मुख्यतः कथलाचा मिश्रधातू. आपण भांड्यांना कल्हई करतो, तेच हे कथील. इंग्लंडमध्ये एकेकाळी घरोघरी प्यूटरची ताटं आणि मग असत. लंडनचे कारागीर आपला ठसा संघाच्या पाटीवर उमटवून नोंदवत. १६६६च्या आगीत जुन्या पाट्या गेल्या, पण त्यानंतरच्या पाच पाट्या आजही आहेत. त्यांच्याशी ठसा जुळला, तर कारागीर सापडतो.

आता एकेक खूण पाहा.

साल : कारागिराच्या ठशातलं साल वस्तूचं नसतं. त्याने ठसा घेतला किंवा धंदा सुरू केला, तेव्हाचं असतं. तोच ठसा तो पुढे कितीतरी वर्षं वापरी.

चार छोटे ठसे : चांदीवर असे ठसे पाहून वर्ष कळतं. प्यूटरवर ती नुसती नक्कल असते.

गुलाब-मुकुट आणि 'लंडन' : गुलाब-मुकुट युरोपातल्या इतर देशांतही वापरात होता. 'लंडन' हा शब्द तर बाहेरगावचे आणि अमेरिकेतले कारागीरही उमटवत. एवढ्यावरून गाव ठरवू नका.

काठाजवळचा ठसा : ही मापाच्या सरकारी तपासणीची खूण. मुकुट, 'व्ही. आर.' आणि खाली आकडा असेल, तर तपासणी साधारण १८७९ ते १९०१ मधली. आकड्यावरून भाग कळतो. मग मात्र तपासणीच्या आधीच बनलेला असतो, कधी बराच आधी.

'ई. पी. बी. एम.' : कथलाच्याच मिश्रधातूवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा. म्हणजे वस्तू १८४० नंतरची.

थोडक्यात, एका ठशावर विसंबू नका. दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या, तरच भावाचं बोला.

घरात असा मग असेल, तर ठसा नीट दिसावा म्हणून चिंच किंवा घासणी लावू नका. धातू मऊ असतो, झिजलेला ठसा परत येत नाही. बाजूने तिरपा उजेड पाडून मोबाइलने फोटो काढा. आणि जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो मग शोकेसमध्येच ठेवा, त्यातून सरबत पिऊ नका.